घरात कोण कोण मोजायचं?

(महासंघाच्या सेवाग्राम इथे झालेल्या वार्षिक सर्वसाधारण सभेत क्षेत्र समन्वयकांनी केलेलं भाषण. बोललेलं बरंचसं तसंच ठेवलं आहे.)



अध्यक्षताईंनी मला वीस मिनिटं दिली आहेत आणि घड्याळ माझ्यासमोरच ठेवलंय. मागच्या वर्षी मी चाळीस मिनिटं बोलले होते, त्याचा हा राग आहे. असो.

दुपारच्या सत्रात नियमावलीतल्या एका ओळीवर आपल्याला मत द्यायचं आहे. ओळ छोटी आहे : ‘एका कुटुंबातून एकच सदस्य.’ आपल्या सगळ्या गटांत ती पहिल्या दिवसापासून आहे. नियम वाईट नाही. एकाच घरातल्या चार जणी गटात आल्या की कर्ज त्याच घरात फिरतं आणि बाकीच्या बघत राहतात, हे आपण पाहिलंय. पण या ओळीतल्या ‘कुटुंब’ या शब्दावर मला बोलायचं आहे. कारण त्या शब्दापायी माझ्या हातून एक चूक झाली. ती आधी सांगते.

गेल्या पावसाळ्यात एका गावात गटाच्या बैठकीला गेले होते. बैठक संपता संपता एक बाई दारात येऊन उभी राहिली. पस्तिशीची असेल. म्हणाली, "ताई, मलेबी गटात घ्या न." मी नाव विचारलं, घर विचारलं. गटातल्या बायांनी लगेच सांगितलं की हिची सासू या गटात आधीपासून आहे. मी वही बंद केली आणि म्हटलं, "एका कुटुंबातून एकच घेता येते, ताई." ती म्हणाली, "पण आमची चूल येगळी हाये." मी म्हटलं, "घर तर एकच आहे ना?" ती काही बोलली नाही. पदर सारखा केला आणि गेली.

दिवाळीनंतर पुन्हा त्या गावात गेले तेव्हा कळलं. नवरा कामाला म्हणून बाहेरगावी गेला तो दीड वर्षापासून परतला नाही. सासू-सासरे दीर-जावेकडे जेवतात. त्याच घराच्या मागच्या खोलीत ही दोन लेकरांना घेऊन वेगळा सैपाक करते, मजुरीला जाते. गटात घेतलं नाही म्हणून तिने एका कंपनीचं आठवड्याच्या हप्त्याचं कर्ज उचललं. हप्ता चुकला की माणूस दारात येऊन बसतो. आपल्या गटात तिला ज्या व्याजात पैसे मिळाले असते, त्याच्याशी या व्याजाची तुलना मी इथे करत नाही, तुम्हाला हिशोब माझ्यापेक्षा चांगला येतो.

मी एम.एस.डब्ल्यू. केलंय. ‘कुटुंब’ या विषयावर परीक्षेत पंधरा मार्कांचा प्रश्न सोडवलाय. आणि दारात उभ्या असलेल्या बाईने स्वतः सांगितलं की माझं कुटुंब वेगळं आहे, तरी ते मला ऐकू आलं नाही.

त्या रात्री मी कॉलेजच्या जुन्या वह्या काढल्या. पहिल्या वर्षी आमच्या सरांनी एक गोष्ट सांगितली होती, तेव्हा ती नुसती मजेशीर वाटली होती. इंग्रजीत ‘फॅमिली’ म्हणतात तो शब्द मूळचा लॅटिन भाषेतला. दोन हजार वर्षांपूर्वी रोमचं मोठं राज्य होतं, तिथली ही भाषा. त्यांचा शब्द ‘फामिलिया’. तो आला ‘फामुलुस’पासून, आणि फामुलुस म्हणजे घरचा चाकर, गुलाम. म्हणजे फामिलियाचा मूळ अर्थ आई-बाप-मुलं असा नव्हताच. घरात राबणाऱ्या गुलामांचा सगळा ताफा म्हणजे फामिलिया! पुढे अर्थ वाढत गेला. घराच्या मालकाच्या हाताखाली जे जे म्हणून आहे ते सगळं त्यात आलं : गुलाम, मुलं, सुना, नातवंडं. त्यांच्या सगळ्यात जुन्या कायद्यात, जो साधारण अडीच हजार वर्षांपूर्वीचा आहे, हाच शब्द मालमत्तेसाठीही आलाय. माणूस मृत्युपत्र न करता आणि मागे वारस न ठेवता गेला, तर त्याची ‘फामिलिया’ जवळच्या भाऊबंदाने घ्यावी, असं त्यात आहे. म्हणजे माणसं आणि इस्टेट एकाच शब्दात!

या सगळ्याच्या डोक्यावर जो बसायचा त्याला ते ‘पातेर फामिलियास’ म्हणत. आपल्या फॉर्मवर ‘कुटुंबप्रमुख’ असतो ना, त्याचा हा आजा समजा. हा बाप जिवंत असेपर्यंत मुलगा पन्नास वर्षांचा झाला, त्याला नातू झाले, तरी कायद्याने त्याच्या मालकीचं काही नसायचं. आणि जुन्या पद्धतीने लग्न होऊन आलेली बायको? कायद्याच्या नजरेत तिची जागा नवऱ्याच्या मुलीसारखी. कॉलेजात हे ऐकून आम्ही मुली खूप हसलो होतो. आता गावोगावच्या बैठकांत ‘यांना विचारून सांगते’ हे वाक्य ऐकते तेव्हा तेवढं हसू येत नाही.

इंग्रजीतसुद्धा ‘फॅमिली’ शब्द आला तेव्हा सुरुवातीला त्याचा अर्थ घरातले नोकरचाकर असाच होता. आई-बाप आणि त्यांची मुलं हा अर्थ नंतर पक्का झाला. आणि तोच शब्द फिरत फिरत आपल्याकडे आला तेव्हा त्याचं काय झालं बघा. लग्नात कोणी पुरुष भेटला की म्हणतो, "फॅमिलीला आणलंय." म्हणजे कोणाला? बायकोला.

आपल्या मराठीत तर हे आधीपासूनच आहे. "आमचं कुटुंब माहेरी गेलंय" असं जुनी माणसं म्हणायची, तेव्हा सगळं घर नाही, एकटी बायको माहेरी गेलेली असायची. बायकोचं नाव घ्यायचं नाही, ‘बायको’ म्हणायलाही लाज, म्हणून सगळ्या घराचं नाव तिच्यावर ठेवून मोकळे. जुन्या मराठी शब्दकोशांत ‘कुटुंब’ या शब्दापुढे घरची माणसं आणि बायको हे दोन्ही अर्थ शेजारी-शेजारी दिलेले सापडतात.

आता जरा कडवट बोलते. ‘कुटुंब नियोजन’ या सरकारी शब्दात कुटुंब म्हणजे कोण? २०१९ ते २१ या काळात देशभर झालेल्या आरोग्य पाहणीत दर १०० विवाहित बायांपैकी सुमारे ३८ जणींची नसबंदी झालेली दिसली. नवऱ्याची नसबंदी झालेली जोडपी १०० मागे एकसुद्धा नाही. तिथेही कुटुंब म्हणजे बायकोच धरली. टाळ्या नका वाजवू, हे टाळ्या वाजवण्यासारखं नाही.

पण आपल्या शब्दाची एक गोष्ट मला फार आवडली, ती सांगितल्याशिवाय पुढे जात नाही. नाशिकला पांडवलेणी आहेत. डोंगरात कोरलेली बौद्ध भिक्खूंची लेणी, आपल्यातल्या काही जणी सहलीला जाऊन आल्या आहेत. तिथल्या दहाव्या लेण्यात ब्राह्मी अक्षरांत एक लेख कोरलाय, साधारण १९०० वर्षांपूर्वीचा. त्यात एका बाईचं नाव आहे : दख्खमित्रा. क्षत्रप नहपान राजाची मुलगी, उषवदाताची बायको. भिक्खूंना राहायला तिने एक ‘ओवरक’ म्हणजे खोली दान दिली, असं त्या लेखात आहे. आपण देवळातली ‘ओवरी’ म्हणतो, तो शब्द त्यातूनच आलाय. आणि बायको या अर्थी तिथे शब्द कोणता आहे? ‘कुडुंबिनी’. म्हणजे कुटुंबिनी. घराची धनीण. बापाचं नाव आहे, नवऱ्याचं नाव आहे, पण दान तिचं आहे आणि ते तिच्या नावाने दगडात कोरलंय. सातबारा पुसता येतो, दगड पुसता येत नाही.

आता हाच शब्द कुठे गेला ते ऐका. कुटुंबी म्हणजे घर-शेती करणारा गृहस्थ, त्यावरून ‘कुणबी’ शब्द आला असं भाषेचे अभ्यासक सांगतात. तो मानाचा शब्द आहे, आपल्या जिल्ह्यात तर अर्ध्या सभागृहाचा आहे. पण कुटुंबिनीवरून जो शब्द घडला, ‘कुणबीण’, त्याला पुढे एक दुसराच अर्थ चिकटला. पेशवाईच्या काळातल्या कागदांत ‘कुणबीण’ म्हणजे विकत घेतलेली बाई, गुलाम. दुष्काळात पोटासाठी विकली गेलेली, किंवा पकडून आणलेली. तिने धुणं-भांडी, दळण-कांडण, शेण-गोठा सगळं करायचं. तिची किंमत ठरायची, तिच्या खरेदी-विक्रीची नोंद व्हायची. कुणबी घरातल्या बाईला कुणबीण म्हणतात तो अर्थ वेगळा, कोणी गैरसमज करून घेऊ नका. पण शब्द एकच. १८४३ च्या कायद्याने कंपनी सरकारच्या राज्यात गुलामावरचा मालकी हक्क कोर्टात मानणं बंद झालं, तोवर हे चालू होतं.

म्हणजे तिकडे रोममध्ये जो शब्द गुलामांसाठी होता तो वर चढून ‘कुटुंब’ झाला. आणि आपल्याकडे जो घरधनिणीचा होता तो खाली घसरून गुलामाचा झाला. मी हे कळल्यावर दोन दिवस विचार करत होते की असं कसं झालं. मला वाटतं कारण साधं आहे. घरधनीण आणि घरची गुलाम, दोघी दिवसभर करत असलेलं काम एकच होतं. झाडणं, दळणं, रांधणं, लेकरं सांभाळणं. बघणाऱ्याला दोघींत फरक कशावरून कळणार? एकीच्या नावावर काहीतरी असतं आणि दुसरीच्या नावावर काही नसतं, एवढ्यावरूनच.

म्हणून आता कागदाकडे येऊ. ‘कुटुंब’ हा शब्द वेगवेगळ्या कागदांवर वेगवेगळा आहे, हे मला नोकरीला लागल्यावर दोन वर्षांनी नीट समजलं. लाज वाटते, पण खरं आहे.

जनगणनेत कुटुंब म्हणजे जी माणसं सहसा एकत्र राहतात आणि एका सैपाकघरात जेवतात ती. रक्ताचं नातं असलंच पाहिजे असं नाही. चूल एक तर कुटुंब एक. एका छपराखाली दोन चुली असतील तर दोन कुटुंबं. म्हणजे त्या ताईने दारात उभं राहून मला जी व्याख्या सांगितली, ती देशाच्या जनगणनेची होती!

२००५ च्या रोजगार हमी कायद्यात कुटुंब म्हणजे रक्ताच्या, लग्नाच्या किंवा दत्तक नात्याची, एकत्र राहणारी आणि एकत्र जेवणारी किंवा एकाच रेशन कार्डावरची माणसं. इथे ‘किंवा’ आलं बघा. चूल वेगळी असली तरी कार्ड एक असलं की १०० दिवसांचं काम अख्ख्या गोतावळ्यात वाटलं जायचं. पीएम किसानमध्ये कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अज्ञान मुलं, बस. सासू-सासरे त्यात नाहीत. आणि पैसे सातबारावर ज्याचं नाव त्याच्या खात्यात. लाडक्या बहिणीचे फॉर्म भरताना आपण रात्रीचे बारा वाजवले होते, आठवतं? तिथे कुटुंबातली एकच अविवाहित मुलगी, असं होतं. दोन बहिणींत कोणाचा फॉर्म भरायचा यावरून एका घरात झालेलं भांडण मी सोडवलंय, म्हणजे सोडवायचा प्रयत्न केलाय.

रेशनचं मात्र नीट ऐका. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणे रेशन कार्डासाठी घरातली १८ वर्षांवरची सगळ्यात मोठी बाई ही कुटुंबप्रमुख आहे. सरकारने दिलेली मेहेरबानी नाही ती, कायदा आहे. तरी आपल्याच महासंघाच्या घरभेट सर्वेक्षणात ‘कुटुंबप्रमुख’ या रकान्यात मी काय लिहिलं? नवऱ्याचं नाव. दीड वर्ष घरी न आलेल्या माणसाचंही. मी काल ते फॉर्म पुन्हा काढून पाहिले. माझ्याच अक्षरात आहेत.

आणि एक कायदा असा आहे जो मी प्रत्येक गावात सांगते आणि पुन्हा पुन्हा सांगणार. २००५ चाच, घरगुती हिंसाचारापासून संरक्षणाचा. त्यात असं आहे की ज्या घरात बाई नात्याने एकत्र राहत आली, त्या घरात राहण्याचा तिला हक्क आहे. घर तिच्या नावावर असो वा नसो. ‘निघ माझ्या घरातून, तुझं काय आहे इथं’ हे वाक्य आपल्यापैकी कितीजणींनी ऐकलं असेल, हात वर करायला सांगत नाही. २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने हेही सांगितलं की घर सासऱ्याच्या नावावर आहे एवढ्यावरून सुनेचा राहण्याचा हक्क आपोआप जात नाही. राहण्याचा हक्क म्हणजे मालकी नव्हे, हे पण लक्षात ठेवा, नाहीतर उद्या कोणी माझं नाव सांगून भांडेल. पण बाहेर काढणं सोपं नाही. जिल्ह्याला संरक्षण अधिकारी असतात, त्यांच्याकडे अर्ज करता येतो.

मालकीचंच म्हणाल तर रस्ते आहेत. शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची हाक दिली होती, शरद जोशींच्या काळात, बायकोच्या नावाने जमीन करा म्हणून. आपल्यातल्या वयाने मोठ्या मावश्यांना त्या सभा आठवत असतील. १९९२ मध्ये सरकारनेही सातबारावर नवऱ्याबरोबर बायकोचं नाव लावायची सोय केली. २००३ पासून ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर घर दोघांच्या नावाने लावायचा शासन निर्णय आहे. किती गावांत लागलंय? मागच्या महिन्यात मी तीन गटांत विचारलं. बऱ्याच जणींना नमुना ८ म्हणजे काय हेच माहीत नव्हतं. घरपट्टी मात्र त्याच भरून येतात.

आता आपण बसलोय ते ठिकाण. इथून चालत जाण्याच्या अंतरावर आश्रम आहे. गांधीजी १९३६ मध्ये इथे राहायला आले तेव्हा गावाचं नाव शेगाव होतं, पत्रं बुलढाण्याच्या शेगावला जायची म्हणून १९४० मध्ये सेवाग्राम झालं. सुरुवातीला सगळे एकाच आदी निवासात राहायचे. बापू, बा, आलेले पाहुणे, कार्यकर्ते, सगळे एका छपराखाली आणि रसोडा एक. जात वेगळी, धर्म वेगळा, प्रांत वेगळा, तरी पंगत एक. जनगणनेत अशा घरालाही नाव आहे, ‘संस्थात्मक कुटुंब’. वसतिगृह, आश्रम, तुरुंग सगळे त्यात. म्हणजे बापूंचा आश्रम आणि तुरुंग एकाच रकान्यात, आणि दोन्हीकडे ते बराच काळ राहिले.

पण मला त्या आवारात सगळ्यात जास्त बा कुटी आवडते. आदी निवासात बाराही महिने माणसांचा राबता. बांना जरा आडोसा नाही, उठाय-बसायला स्वतःची जागा नाही. ते बघून जमनालाल बजाजांनी त्यांच्यासाठी ती वेगळी कुटी बांधून दिली. एवढ्या मोठ्या मनाच्या कुटुंबातही एका बाईला स्वतःची एक खोली लागली. जेवणाच्या सुट्टीत ज्यांनी पाहिली नसेल त्यांनी जाऊन या. छोटीशी आहे. आत उभं राहिलं की मला ती मागच्या खोलीतली ताई आठवते. फरक एवढाच की बांना खोली मिळाली तेव्हा कोणी त्यांचं नाव रसोड्यातून कापलं नाही.

तर दुपारी मी जो ठराव मांडणार आहे, तो असा. ‘एका कुटुंबातून एकच सदस्य’ ही ओळ राहू द्यावी, पण तिच्याखाली लिहावं : कुटुंब म्हणजे एक चूल. चूल वेगळी आहे की नाही हे गटाने घरी जाऊन बघावं, रेशन कार्ड मागू नये. कारण कार्ड वेगळं करायला सासरच्यांची सही, तलाठ्याचे हेलपाटे, सहा-सहा महिने जातात. आणि नवऱ्याने सोडलेली, विधवा किंवा माहेरी परत आलेली एकटी बाई असेल तर तिची चूल वेगळी नसली तरी तिला स्वतंत्र कुटुंब मानावं.

मला माहीत आहे काही जणींचं काय म्हणणं आहे. काल संध्याकाळीच एका ग्रामसंघाच्या ताईंनी मला गाठलं. म्हणाल्या, "असं केलं त सासू-सुना मुद्दाम दोन चुली दाखवतीन, कर्ज दोनदा उचलतीन." खरं आहे, दाखवतील काही जणी. म्हणून चूल बघायला दोन सदस्यांनी जायचं, आणि सासूच्या गटात सून नको, दुसऱ्या गटात घ्यायची. तरी एखादी फसवेल. पण आज आपण ज्यांना परत पाठवतोय त्यांच्यातल्या किती जणी फसवणाऱ्या आहेत, आणि किती जणी खरोखर मागच्या खोलीत एकट्या रांधत आहेत, हे तुम्हीच तुमच्या गावाचा विचार करून ठरवा. एक तास आहे अजून.

त्या ताईचं पुढे काय झालं, हे समोरच्या रांगेतून विचारताहेत. गटात नाही अजून. नियम बदलल्याशिवाय मी घेऊ शकत नाही, तिला तसं सांगितलंय. मी पुन्हा गेले होते, माफी मागितली. तिने चहा केला, तिच्या चुलीवर. मग म्हणाली, "ताई, आता कधी मीटिंग हाये तुमची?" मी म्हटलं, सेवाग्रामला, बुधवारी.

अध्यक्षताई, माझी दोन मिनिटं उरली आहेत. ती दुपारच्या चर्चेला द्या.